हिवाळ्यानंतरची पहिली किल्ली

प्रास्ताविक

देवघरातील पितळी समई काही महिने घासली नाही, तर ती काळवंडते, हे प्रत्येक घराला ठाऊक असते. मोटारगाडीविषयी मात्र माणूस वेगळा विचार करतो. गाडी चालवली तर झिजते आणि उभी ठेवली तर जशीच्या तशी राहते, असे त्याला वाटते. ही समजूत खरी नाही. उभ्या गाडीतही बदल घडत असतात. फक्त ते डोळ्यांना दिसत नाहीत.

भारतात याचा प्रत्यय सर्वांत स्पष्टपणे येतो तो लडाखमध्ये. लेह हे शहर समुद्रसपाटीपासून सुमारे ३५०० मीटर उंचीवर वसले आहे. जानेवारीत तेथील रात्रीचे तापमान उणे १५ अंश सेल्सिअसच्याही खाली जाते. श्रीनगर–लेह मार्गावरील द्रास येथे थंडी याहून कडक असते. हिमवर्षावामुळे झोजिला खिंडीतील रस्ता दर हिवाळ्यात काही काळ बंद पडतो. पर्यटकांची वर्दळ मुख्यतः मे ते सप्टेंबर या महिन्यांत असते, त्यामुळे पर्यटकांना नेणाऱ्या अनेक गाड्या थंडीचे महिने अंगणात किंवा शेडमध्ये उभ्याच असतात. वसंत ऋतू आला की त्या पुन्हा सुरू करायच्या असतात. ज्याचे वर्षभराचे पोट त्या गाडीवर अवलंबून आहे, त्याच्यासाठी हंगामाची पहिली किल्ली महत्त्वाची असते. ती घाईने फिरवली, तर इंजिन निकामी होऊ शकते आणि क्वचित माणसाचा जीवही जाऊ शकतो.

उद्दिष्टे

या पाठाच्या अभ्यासानंतर विद्यार्थ्याला पुढील गोष्टी करता येतील :

- दीर्घकाळ उभ्या असलेल्या गाडीत कोणते बदल होतात, ते सांगणे.
- इंजिन सुरू करण्यापूर्वीच्या तपासण्या योग्य क्रमाने आणि कारणांसह मांडणे.
- बंद जागेत इंजिन सुरू करण्याचा धोका स्पष्ट करणे.
- तांत्रिक माहिती शुद्ध व नेमक्या मराठीत लिहिणे.

१. उभ्या गाडीत काय घडते?

सर्वांत आधी अशक्त होते ती बॅटरी. गाडी बंद असली तरी घड्याळ, कुलूप आणि इशारा देणारी यंत्रणा थोडी थोडी वीज घेतच असते. शिवाय बॅटरीतील वीज आपोआपही कमी होत जाते. पूर्ण भारित बॅटरीचा दाब सुमारे १२.६ व्होल्ट असतो. तो १२ व्होल्टपर्यंत उतरला, तर बॅटरी जवळजवळ रिकामी झाली असे समजावे. थंडीत आणखी एक अडचण येते. भारित बॅटरीतील आम्लमिश्रित द्रव उणे ५० अंशांच्या आसपासही गोठत नाही. पण रिकाम्या बॅटरीत आम्लाचे प्रमाण कमी होऊन तो द्रव पाण्यासारखा होतो आणि उणे १० अंशांच्या आतबाहेरच गोठू शकतो. गोठलेला द्रव फुगतो आणि बॅटरीचे कवच तडकते.

दुसरा बदल इंजिन ऑइलचा. इंजिन चालू असताना ऑइल सर्व भागांमध्ये फिरत असते आणि धातूला धातू घासू देत नाही. इंजिन बंद झाले की ते हळूहळू तळाच्या पात्रात उतरते. काही महिन्यांनंतर वरच्या भागांवर त्याचा अगदी पातळ थर उरतो. त्यातच थंडीने ऑइल दाट होते. म्हणजे इंजिन सुरू होताना ज्या क्षणी वंगणाची सर्वाधिक गरज असते, त्याच क्षणी ते सर्वांत दूर आणि सर्वांत मंद असते. इंजिनाची मोठी झीज पहिल्या काही सेकंदांत होते, ती यामुळेच.

तिसरा बदल इंधनाचा. पेट्रोलमधील हलके, चटकन पेट घेणारे घटक काळानुसार उडून जातात आणि मागे चिकट साका राहू शकतो. त्यात मिसळलेले इथेनॉल हवेतील ओलावा शोषून घेते. डिझेलची तऱ्हा निराळी. डिझेलमध्ये मेणासारखे घटक असतात. कडाक्याच्या थंडीत त्यांचे कण तयार होतात आणि फिल्टर तुंबतो. ही अडचण ओळखून इंडियन ऑइल कंपनीने नोव्हेंबर २०१९ मध्ये लडाखसाठी खास हिवाळी डिझेल आणले. ते उणे ३३ अंशांपर्यंत प्रवाही राहते.

चौथी गोष्ट इंजिन थंड ठेवणाऱ्या पाण्याची. पाणी गोठताना त्याचे आकारमान सुमारे ९ टक्क्यांनी वाढते. रेडिएटरमध्ये साधे पाणी असेल, तर गोठताना ते रेडिएटरच काय, इंजिनाचा लोखंडी ठोकळाही फोडू शकते. म्हणून पाण्यात इथिलीन ग्लायकॉल हे रसायन मिसळतात. या मिश्रणाला कूलंट म्हणतात. दोन्ही समप्रमाणात असतील, तर मिश्रण उणे ३५ अंशांच्या आसपासही गोठत नाही. हे रसायन चवीला गोड पण विषारी असते. त्यामुळे जमिनीवर सांडलेले कूलंट लगेच पुसून काढावे. मुले आणि पाळीव प्राणी त्याच्याजवळ जाऊ देऊ नयेत.

यांशिवाय उभी गाडी उंदीरघुशींना उबदार घर वाटते. ते एअर फिल्टरच्या डब्यात चिंध्या व गवत साठवतात, वायरी कुरतडतात, कधी सायलेन्सरच्या नळीतही घरटे करतात. हँडब्रेक ओढून ठेवलेला असेल, तर ब्रेक गंजून किंवा गोठून चाकाला चिकटतात. टायरमधील हवा थंडीने आकुंचन पावते आणि गाडीच्या भाराने टायर एका बाजूने चपटे होतात.

पाठगत प्रश्न १

(अ) रिकामी बॅटरी भारित बॅटरीपेक्षा लवकर का गोठते?
(आ) पाणी गोठल्यावर इंजिनाला कोणता धोका असतो?
(इ) चूक की बरोबर : महिनोन्महिने उभ्या असलेल्या इंजिनाच्या वरच्या भागांत भरपूर ऑइल साठते.

२. किल्लीला हात लावण्यापूर्वी

अनुभवी चालक आधी गाडीभोवती एक फेरी मारतो. गाडीखाली तेलाचे, कूलंटचे किंवा इंधनाचे डाग आहेत का, हे तो पाहतो. इंधनाचा वास येत असेल, तर गळती सापडून दुरुस्त होईपर्यंत किल्ली फिरवायची नाही, हा पहिला नियम. सायलेन्सरच्या तोंडाशी बर्फ, माती किंवा घरटे असल्यास ते काढून टाकावे. टायरमध्ये हवा भरून घ्यावी.

मग बॉनेट उघडावे. एअर फिल्टरचे झाकण काढून आत पाहावे. कुरतडलेली वायर दिसली, तर तिला चिकटपट्टी लावून वेळ मारून नेऊ नये. ती मेकॅनिककडून बदलून घ्यावी. उघड्या पडलेल्या वायरीतून ठिणगी उडाली, तर गाडीला आग लागू शकते. कूलंटची पातळी टाकीवरील दोन खुणांच्या मध्ये असावी. त्यानंतर डिपस्टिक काढून, पुसून, पुन्हा घालून ऑइलची पातळी पाहावी. ऑइल दुधाळ कॉफीसारखे दिसत असेल, तर त्यात पाणी मिसळले आहे असे समजावे. अशा वेळी इंजिन सुरू करणे म्हणजे हाताने ते बिघडवणे होय. हिवाळ्यापूर्वी ऑइल बदललेले नसेल, तर आता बदलणे हिताचे. ऑइलच्या डब्यावर ५ डब्ल्यू–३० असे अंक असतात. त्यातील डब्ल्यू हे अक्षर हिवाळ्याचे निदर्शक असून त्याआधीचा आकडा जितका लहान, तितके ते ऑइल थंडीत अधिक प्रवाही राहते.

बॅटरी सर्वांत शेवटी पाहावी. मात्र ती काळजीपूर्वक पाहावी. कवच फुगलेले, तडकलेले किंवा आतील द्रव गोठलेला असेल, तर ती भारित करू नये आणि दुसऱ्या गाडीच्या बॅटरीलाही जोडू नये. अशी बॅटरी फुटून आम्ल डोळ्यांत उडण्याचा धोका असतो. भारित होताना बॅटरीतून हायड्रोजन हा ज्वालाग्राही वायू बाहेर पडतो, म्हणून तिच्याजवळ विडी, काडी वा कंदील नेऊ नये. टोकांवरील पांढरा-हिरवट थर घासून काढावा. तारा सोडताना ऋण टोक आधी सोडावे आणि जोडताना धन टोक आधी जोडावे.

बॅटरी चांगली पण उतरलेली असेल, तर चार्जरने ती सावकाश भरणे हा उत्तम उपाय. दुसऱ्या गाडीची मदत घ्यावी लागल्यास जंपर केबल पुढील क्रमाने जोडावी : लाल तारेचे एक टोक उतरलेल्या बॅटरीच्या धन टोकाला, दुसरे चांगल्या बॅटरीच्या धन टोकाला, काळ्या तारेचे एक टोक चांगल्या बॅटरीच्या ऋण टोकाला आणि शेवटचे टोक बंद गाडीच्या इंजिनावरील उघड्या धातूला, बॅटरीपासून दूर. शेवटच्या जोडणीत ठिणगी उडते. ती बॅटरीजवळच्या वायूपाशी उडू नये, म्हणून हा क्रम. तारा काढताना क्रम उलटा असतो.

डोंगरउतारावर गाडी धक्का मारून सुरू करण्याचा मोह टाळावा. इंजिन बंद असताना ब्रेकला यंत्राचे पाठबळ मिळत नाही आणि स्टिअरिंगही जड होते. गाडी सुरू झाली नाही, तर ती उतारावर आवरणे कठीण जाते. डिझेल पातळ व्हावे म्हणून टाकीखाली स्टोव्ह किंवा शेकोटी पेटवण्याचा प्रकारही असाच जिवावर बेतणारा आहे. गाडी उन्हात आणून तासभर थांबणे, हा उपाय बिनखर्चाचा आणि सुरक्षित आहे.

३. न दिसणारा शत्रू

वरील तपासण्या शेडमध्ये करता येतात. किल्ली मात्र उघड्यावरच फिरवावी. जागा सपाट असल्यास गाडी न्यूट्रलमध्ये घालून, एकाने ब्रेकपाशी बसून आणि इतरांनी ढकलून ती आधी बाहेर काढावी.

याचे कारण कार्बन मोनॉक्साइड. इंधन अर्धवट जळले की हा वायू तयार होतो. थंड इंजिनात इंधन नीट जळत नाही, आणि धूर शुद्ध करणारा भागही तापल्याशिवाय काम करत नाही. म्हणून सुरुवातीच्या काही मिनिटांत हा वायू विशेष प्रमाणात बाहेर पडतो. त्याला रंग नाही, वास नाही, त्याने खोकलाही येत नाही. रक्तातील हिमोग्लोबिनशी तो ऑक्सिजनपेक्षा दोनशेहून अधिक पटींनी घट्ट जोडला जातो. परिणामी श्वास चालू असूनही शरीराला प्राणवायू मिळेनासा होतो. डोके दुखणे, चक्कर येणे, मळमळ आणि ग्लानी ही त्याची लक्षणे होत. लडाखसारख्या उंच प्रदेशात तर हवेचा दाब समुद्रसपाटीच्या दोन-तृतीयांशाएवढाच असतो. तेथे आधीच विरळ असलेल्या हवेत हा वायू दुहेरी घात करतो. शिवाय तेथे नव्याने आलेला माणूस डोकेदुखीला उंचीचा त्रास समजतो आणि खरे कारण लक्षात येत नाही.

शेडचे एक दार उघडे ठेवले म्हणजे झाले, असे मानणे चुकीचे आहे. वारा उलट दिशेने असेल, तर धूर आतच कोंडतो. सायलेन्सरचे तोंड बर्फाने बुजलेले असेल, तर वायू गाडीच्या आतही शिरू शकतो. कोणाला ग्लानी येत असेल, तर त्याला तत्काळ मोकळ्या हवेत आणावे आणि डॉक्टरांना बोलवावे. शंका घेण्यात वेळ दवडू नये.

४. पहिली किल्ली

गाडी उघड्यावर आली, तपासण्या झाल्या, आता किल्ली फिरवता येते. बॉनेटखाली मांजर शिरलेले नाही, याची खात्री करावी. दिवे, पंखा आणि रेडिओ बंद ठेवावेत, म्हणजे बॅटरीची सारी शक्ती स्टार्टरला मिळते. किल्ली आधी अर्धी फिरवून काही क्षण थांबावे. पेट्रोल गाडीत त्या वेळी पंप इंधनाचा दाब तयार करतो. डिझेल गाडीत इंजिन आतून तापवणाऱ्या प्लगचा दिवा लागतो. तो विझेपर्यंत वाट पाहावी. गाडी कित्येक महिने उभी असेल, तर जाणकार मेकॅनिक इंधनपंपाचा फ्यूज काढून इंजिन काही सेकंद नुसतेच फिरवतो. त्यामुळे इंधन न पेटता ऑइल वरपर्यंत पोहोचते.

त्यानंतर क्लच पूर्ण दाबून किल्ली फिरवावी. स्टार्टर एका वेळी १० सेकंदांहून अधिक फिरवू नये. इंजिन सुरू झाले नाही, तर किमान अर्धा मिनिट थांबून पुन्हा प्रयत्न करावा. तीन-चार प्रयत्नांनंतरही यश आले नाही, तर बिघाड शोधावा. हट्टाने किल्ली फिरवत राहिल्यास स्टार्टर जळतो आणि उरलीसुरली बॅटरीही संपते.

इंजिन सुरू झाले की चालकाची पहिली नजर ऑइलच्या लाल दिव्याकडे जावी. तो काही सेकंदांत विझला पाहिजे. न विझल्यास इंजिन त्वरित बंद करावे. या क्षणी आनंदाने ॲक्सिलरेटर दाबणे ही मोठी चूक ठरते, कारण ऑइल अजून सर्वत्र पोहोचलेले नसते. दोन-तीन मिनिटे इंजिन मंद चालू द्यावे, कान देऊन आवाज ऐकावा, खाली कोठे गळते आहे का ते पाहावे. नंतर अंगणातच पुढे-मागे जाऊन ब्रेक दोन-चार वेळा दाबून बघावेत. ब्रेक चिकटलेले असतील किंवा पाय खोल जात असेल, तर रस्त्यावर जाऊ नये. सारे ठीक असल्यास पहिले काही किलोमीटर सावकाश जावे. इंजिन उभ्या जागी तासभर चालू ठेवण्यापेक्षा असे हळू चालवल्याने ते अधिक चांगले तापते.

५. पुढच्या हिवाळ्याची तयारी

वसंतातील त्रासाचे मूळ बहुधा शरद ऋतूतल्या दुर्लक्षात असते. गाडी उभी करण्यापूर्वी ऑइल बदलावे, कूलंटचे प्रमाण तपासून घ्यावे, टाकी भरून ठेवावी, म्हणजे आत हवा कमी राहून ओलावा साचत नाही. थंड प्रदेशात टाकीत हिवाळी डिझेलच असावे. बॅटरी काढून, पूर्ण भारित करून घरात ठेवावी. हँडब्रेक न ओढता गाडी गिअरमध्ये ठेवून चाकांना लाकडी ठोकळे लावावेत.

आठवड्यातून एकदा पाच मिनिटे इंजिन चालू केले की पुरते, असा एक समज रूढ आहे. प्रत्यक्षात पाच मिनिटांत इंजिन पुरेसे तापत नाही. जळालेल्या इंधनातून निघणारी वाफ ऑइलमध्ये आणि सायलेन्सरमध्ये पाणी होऊन साचते. इंजिन सुरू करताना बॅटरीतून गेलेली वीजही पूर्ण भरून निघत नाही. चालवायची तर अर्धा तास चालवावी. नाहीतर नीट तयारी करून उभी ठेवावी.

हे ज्ञान बर्फाळ प्रदेशापुरते मर्यादित नाही. मार्च २०२० मध्ये देशभर टाळेबंदी लागू झाली, तेव्हा मुंबई-पुण्यासारख्या उष्ण शहरांतही कित्येक आठवडे गाड्या जागच्या हलल्या नाहीत. बॅटरी उतरणे, टायर बसणे आणि उंदरांनी वायरी कुरतडणे यांसाठी बर्फाची गरज नसते. वापरात असलेल्या यंत्राची काळजी सगळेच घेतात. थांबलेल्या यंत्राची काळजी घ्यायला थोडी अधिक समज लागते, कारण तिथे बिघाड आवाज न करता घडत असतो.

पाठगत प्रश्न २

(अ) कार्बन मोनॉक्साइड ओळखणे कठीण का असते?
(आ) जंपर केबलचे शेवटचे टोक बॅटरीपासून दूर का जोडतात?
(इ) इंजिन सुरू होताच कोणत्या दिव्याकडे पाहावे?

शब्दार्थ

भारित – वीज भरलेली. साका – तळाशी बसणारा चिकट गाळ. प्रवाही – वाहू शकणारे. ज्वालाग्राही – चटकन पेट घेणारे. ग्लानी – शुद्ध हरपू लागण्याची अवस्था. निदर्शक – दाखवणारे.

स्वाध्याय

१. ‘थांबलेल्या यंत्रात बिघाड आवाज न करता घडतो’ हे विधान पाठातील तीन उदाहरणांनी स्पष्ट करा.
२. ‘पुरेसे’, ‘तत्काळ’, ‘सावकाश’ या शब्दांचा वाक्यांत उपयोग करा.
३. पुढील वाक्य आज्ञार्थी करा : ‘गाडी आधी उघड्यावर आणावी.’
४. घरातील एखादे यंत्र, उदाहरणार्थ शेतातील पंप, शिलाई यंत्र किंवा कूलर, अनेक महिन्यांनी सुरू करताना कोणत्या क्रमाने काय तपासाल, ते दहा ओळींत लिहा. प्रत्येक कृतीचे कारण द्या.

पाठगत प्रश्नांची उत्तरे

१. (अ) रिकाम्या बॅटरीतील द्रवात आम्लाचे प्रमाण कमी होते, त्यामुळे तो पाण्यासारखा गोठतो. (आ) गोठताना पाण्याचे आकारमान वाढते आणि रेडिएटर किंवा इंजिनाचा ठोकळा फुटू शकतो. (इ) चूक.

२. (अ) त्याला रंग किंवा वास नसतो आणि त्याने खोकलाही येत नाही. (आ) जोडताना उडणारी ठिणगी बॅटरीजवळच्या हायड्रोजनला लागू नये म्हणून. (इ) ऑइलच्या लाल दिव्याकडे.